पहिल्या कल्पनेच्या पुढे: नव्या डिझायनरांसाठी रोजच्या सर्जनशीलतेचा सराव

डिझाइनच्या व्यवसायात नव्याने आलेल्या व्यक्तीला सुरुवातीच्या काही आठवड्यांतच वेळेचे वेगळे गणित जाणवते. शिकत असताना एका प्रकल्पावर महिनाभर विचार करण्याची मोकळीक असते. कामावर मात्र सकाळी हाती पडलेल्या ब्रीफवर, म्हणजे क्लायंटला काय हवे ते सांगणाऱ्या टिपणावर, संध्याकाळी काहीतरी दाखवायचे असते, दुसऱ्या दिवशी दुसरे ब्रीफ येते, आणि क्लायंटला प्रत्येक वेळी काहीतरी नवीनच हवे असते. या घाईत नव्या डिझायनरचे सर्वांत मोठे नुकसान होते ते पहिली सुचलेली कल्पना फार लवकर पटल्यामुळे. ‘काही सुचतच नाही’ ही तक्रार आपण नेहमी ऐकतो, पण बहुतेकांना काही ना काही सुचत असतेच; जे सुचले त्याच्या पुढे जाण्याची सवय मात्र लागलेली नसते. ही सवय शिकून लावता येते, असा माझा ठाम विश्वास आहे, आणि तिच्यासाठी उपयोगी पडणाऱ्या पायऱ्या पुढे दिल्या आहेत.

पहिल्या कल्पनेची पकड किती घट्ट असते, हे डेव्हिड जॅन्सन आणि स्टीव्हन स्मिथ यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. त्यांनी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना काही साध्या वस्तूंची रचना करायला दिली. काहींना आधी एक नमुना दाखवला, तर काहींना काहीच दाखवले नाही. नमुना पाहिलेल्यांच्या आराखड्यांत त्या नमुन्याची वैशिष्ट्ये वारंवार उतरली, आणि त्याबरोबर त्याच्या उणिवाही उतरल्या. न सांडणाऱ्या कपाच्या प्रयोगात तर स्ट्रॉ वापरू नये अशी स्पष्ट सूचना होती, तरीही नमुन्यात स्ट्रॉ पाहिलेल्या अनेकांनी आपल्या आराखड्यात ती घेतली. या अडकण्याला संशोधक ‘डिझाइन फिक्सेशन’ म्हणतात. ते नकळत घडत असल्यामुळे केवळ ‘वेगळा विचार करायचा’ असे मनाशी ठरवून त्यातून सुटता येत नाही. त्यासाठी कामाचा क्रमच बदलावा लागतो.

पायरी १: रोजची वही सुरू करा

ही पायरी कोणत्याही एका प्रकल्पाची नाही, म्हणून ती सर्वांत आधी घेतली आहे. खिशात मावेल अशी एक वही ठेवावी आणि त्या दिवशी लक्ष वेधून घेतलेली किमान एक गोष्ट तिच्यात शब्दांत व रेषांत उतरवावी. दरवाजा ढकलायचा की ओढायचा हे न कळल्यामुळे अडखळलेला माणूस, चुकीच्या जागी लावल्यामुळे कोणीच न वाचणारी सूचना, एखाद्या यंत्रावर वापरणाऱ्यांनी स्वतः चिकटवलेली चिठ्ठी, दोन अक्षरांमधली खटकणारी मोकळी जागा, यांपैकी काहीही चालेल. चित्र सुबक असण्याची गरज नाही. नोंदीत मात्र दोन गोष्टी असाव्यात: काय दिसले, आणि तसे का झाले असावे याचा स्वतःचा अंदाज. हा ‘का’ लिहिला नाही तर वही केवळ संग्रह होते आणि संग्रह पुढे उपयोगी पडेलच असे नाही.

फोनवर छायाचित्र काढून ठेवणे सोपे आहे, पण मी हाताने रेखाटण्याचाच आग्रह धरेन. रेखाटताना वस्तूचे कोन, प्रमाण आणि जोड यांच्याकडे पाहणे भागच पडते. छायाचित्र काढले की बहुधा त्या वस्तूकडे पुन्हा पाहिलेच जात नाही.

नोंदी आपल्या क्षेत्राबाहेरच्या असतील तर त्यांचे मोल अधिक. जपानमधील शिंकानसेन ही वेगवान रेल्वे बोगद्यात शिरली की हवेच्या दाबामुळे बोगद्याच्या दुसऱ्या टोकाला मोठा स्फोटासारखा आवाज होत असे. त्यावर काम करणारे अभियंते एइजी नाकात्सू हे पक्षिनिरीक्षक होते. खंड्या पक्षी हवेतून पाण्यात, म्हणजे विरळ माध्यमातून दाट माध्यमात, फारसे पाणी न उडवता सूर मारतो, हे त्यांना ठाऊक होते. १९९७ साली सेवेत आलेल्या ५०० मालिकेच्या गाडीचे लांब, निमुळते नाक खंड्याच्या चोचीवरून घेतलेले आहे. गाड्यांच्याच आराखड्यांमध्ये उत्तर शोधत राहिलेल्या माणसाला ही चोच आठवली नसती.

आठवड्यातून एकदा वही चाळावी आणि दोन असंबद्ध नोंदी निवडून त्यांच्यात काही नाते जोडता येते का ते पाहावे. बहुतेक वेळा काहीच निघत नाही. तरीही हा अर्धा तास वाया जात नाही, कारण जुन्या नोंदी पुन्हा डोळ्यांखालून गेल्यामुळे कामाच्या वेळी त्या लवकर आठवतात.

पायरी २: ब्रीफमधला प्रश्न पुन्हा लिहा

ब्रीफमध्ये पुष्कळदा प्रश्नाऐवजी उत्तरच लिहिलेले असते. ‘लोगो अधिक ठळक करावा’ किंवा ‘मुख्य स्क्रीनवर आणखी एक बटण द्यावे’ अशी वाक्ये म्हणजे कोणीतरी आधीच काढलेले निष्कर्ष आहेत, आणि ते तसेच स्वीकारले तर शोधायला फारसे काही उरत नाही. म्हणून काम हाती येताच, चित्र काढण्यापूर्वी, तोच प्रश्न किमान पाच निरनिराळ्या प्रकारे लिहावा. हे नेमके कोणाला हवे आहे? त्या व्यक्तीला त्या क्षणी काय ठाऊक असणे आवश्यक आहे? काय ठाऊक नसले तरी चालेल? बटण नसते तर तिने काय केले असते?

प्रश्न बदलल्यामुळे काय घडू शकते याचे मला सर्वांत आवडणारे उदाहरण लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नकाशाचे आहे. या रेल्वेचे जुने नकाशे भूगोलाशी प्रामाणिक होते: शहराच्या मध्यभागी स्थानकांची दाटी आणि कडेला लांबच लांब पसरलेले मार्ग. तेथे आरेखक म्हणून काम केलेले हॅरी बेक यांनी १९३१ साली वेगळा विचार केला. जमिनीखालून जाणाऱ्या प्रवाशाला वर कोणता रस्ता आहे याच्याशी कर्तव्य नसते. कोणत्या स्थानकानंतर कोणते येते आणि गाडी कोठे बदलायची, एवढेच त्याला हवे असते. म्हणून बेक यांनी सर्व मार्ग आडव्या, उभ्या आणि ४५ अंशांत तिरप्या रेषांनी दाखवले, स्थानकांमधली अंतरे जवळजवळ सारखी केली, आणि वरच्या भूगोलापैकी केवळ थेम्स नदी ठेवली. हा आराखडा सुरुवातीला नाकारला गेला. पुढे १९३३ मध्ये तो छापून प्रवाशांच्या हाती दिल्यावर त्यांनी तो लगेच उचलून धरला, आणि आज जगभरातील मेट्रोंचे नकाशे त्याच पद्धतीने काढले जातात. येथे रेषा आणि रंग यांपेक्षा मोठे काम प्रश्नाने केले होते. ‘रेल्वे कोठे आहे’ याऐवजी ‘प्रवाशाने कसे जावे’ असे विचारल्यावर अर्धे उत्तर त्या प्रश्नातच आले.

पुन्हा लिहिलेला प्रश्न क्लायंटला किंवा वरिष्ठांना दाखवून त्यांची संमती घ्यावी. हे नम्रपणे, कामाच्या सुरुवातीलाच करावे. शेवटच्या दिवशी ब्रीफच चुकीचे होते असे सांगितले तर कोणालाच ते आवडत नाही.

पायरी ३: संदर्भ पाहण्याआधी स्वतःचे रेखाटन करा

काम मिळताच इंटरनेटवरून रेफरन्स गोळा करून मूडबोर्ड, म्हणजे संदर्भचित्रांचा एकत्रित फलक, तयार करण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. मूडबोर्डला माझा विरोध नाही. क्लायंटशी दृश्य भाषेबद्दल बोलायला ते उत्तम साधन आहे. मात्र ते पहिल्या तासात केले तर जॅन्सन आणि स्मिथ यांच्या प्रयोगातला नमुना आपण स्वतःच स्वतःसमोर ठेवलेला असतो, शिवाय तेच संदर्भ इतर शेकडो डिझायनरांच्याही समोर असतात. क्रम उलटा करावा. आधी कोरा कागद, त्यावर स्वतःचे कच्चे विचार, आणि मगच इतरांचे काम पाहणे. संदर्भ पाहताना आपल्याच क्षेत्रातल्या स्पर्धकांबरोबर एखादे दूरचे क्षेत्रही जाणीवपूर्वक निवडावे.

पायरी ४: कमी वेळात पुष्कळ कल्पना काढा

एक कागद घेऊन तीनदा दुमडावा, म्हणजे आठ चौकटी मिळतात. आठ मिनिटांचा गजर लावावा आणि प्रत्येक चौकटीत एक अशा आठ वेगळ्या कल्पना काढाव्यात. जाड पेन वापरावे, म्हणजे बारीक तपशिलात शिरता येत नाही. आठही चौकटी भरल्याशिवाय एकही कल्पना खोडू नये, तिच्यावर शेरा मारू नये आणि तिला रंग देऊ नये. पहिल्या तीन चौकटी झटकन भरतात, कारण त्या परिचित उत्तरांनी भरलेल्या असतात. चौथ्या-पाचव्या चौकटीपाशी हात थबकतो, आणि बहुतेक नवे डिझायनर येथेच ‘आता काही उरले नाही’ असे समजून थांबतात. नेमके याच ठिकाणी थांबू नये. पर्यायी उत्तरे काढणाऱ्या लोकांच्या अभ्यासात जॉय गिल्फर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ सालीच नोंदवले होते की उत्तरांचा क्रम जसजसा पुढे सरकतो तसतशी त्यांतली विरळ, अनपेक्षित उत्तरे वाढत जातात. सुरुवातीची उत्तरे स्मरणातून येतात. ती संपली की मन जोडणी करू लागते.

कल्पना काढणे आणि कल्पना निवडणे ही दोन कामे वेगळ्या वेळी करण्याचा नियमही जुना आहे. जाहिरात क्षेत्रातले ॲलेक्स ऑसबॉर्न यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास हा नियम रूढ केला. गटाने एकत्र बसून कल्पना काढण्याच्या त्यांच्या ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली, पण सुचत असताना परीक्षण थांबवावे हा तिचा भाग आजही उपयोगी आहे. तुमच्यातला परीक्षक तीक्ष्ण असेल तर ती चांगलीच गोष्ट आहे. त्याला दुपारी बोलवावे, सकाळी नव्हे.

आठ चौकटी भरूनही सर्व कल्पना एकाच कुळातल्या वाटत असतील, तर एका ठरावीक प्रश्नयादीचा आधार घ्यावा. ऑसबॉर्न यांच्या प्रश्नांवरून बॉब एबर्ले यांनी १९७१ साली अशी सात क्रियांची यादी बांधली, जी ‘स्कॅम्पर’ या नावाने ओळखली जाते: एखादा भाग दुसऱ्या कशाने बदलणे, दोन गोष्टी एकत्र करणे, दुसरीकडची गोष्ट जुळवून घेणे, आकार किंवा प्रमाण बदलणे, वेगळा उपयोग शोधणे, काहीतरी काढून टाकणे आणि क्रम उलटवणे. सातही क्रिया प्रत्येक वेळी करण्याची गरज नाही. माझ्या मते नव्या डिझायनरने ‘काढून टाकणे’ ही क्रिया आधी करून पाहावी, कारण काहीतरी भर घालण्याकडे आपला कल आपोआपच असतो.

पायरी ५: स्वतःवर एक मर्यादा घाला

पूर्ण मोकळीक मिळाली की मन सवयीच्या वाटेने जाते. ती वाट बंद केली की दुसरी शोधावी लागते, म्हणून मर्यादा उपयोगी ठरते. सुझन केअर यांनी १९८४ सालच्या मॅकिंटॉश संगणकासाठी आयकॉन तयार केले तेव्हा त्यांच्याजवळ ३२ गुणिले ३२ चौकटी आणि काळा-पांढरा एवढेच होते. त्यांनी चौकटीच्या वहीत एकेक चौकट भरून हे आयकॉन आखले. तेवढ्या जागेत सविस्तर चित्र मावणार नव्हते, त्यामुळे प्रत्येक वस्तूची एका दृष्टिक्षेपात ओळख पटवणारी खूण शोधावी लागली, आणि त्यामुळेच ते आयकॉन इतके स्पष्ट झाले.

रोजच्या कामात अशी मर्यादा आपण स्वतः ठरवू शकतो: हे पोस्टर केवळ अक्षरांनी करायचे, ही स्क्रीन रंगाशिवाय समजली पाहिजे, हे वेष्टन एकाच घडीत बंद झाले पाहिजे. मर्यादा सरावापुरती असते आणि अंतिम कामात ती सोडून देता येते. एका वेळी एकच मर्यादा घ्यावी. तीन-चार एकदम घेतल्या तर सगळी शक्ती नियम पाळण्यात खर्च होते.

पायरी ६: भरपूर काम केल्यावर उठा आणि चाला

ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली सर्जनशील विचाराचे चार टप्पे मांडले: तयारी, मुरणे, उजाडणे आणि पडताळणी. मुरण्याच्या टप्प्याची आठवण सर्वांना राहते, परंतु त्याआधी तयारी असते याचा पुष्कळांना विसर पडतो. प्रश्नावर मनापासून काम न करता घेतलेली विश्रांती ही केवळ विश्रांती असते. म्हणून पायरी ४ पूर्ण करून, अडलेला मुद्दा एका वाक्यात कागदावर लिहून मगच उठावे.

उठल्यावर फोन घेऊन बसण्यापेक्षा चालणे केव्हाही चांगले. मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की बसलेल्या अवस्थेच्या तुलनेत चालताना लोकांना अधिक नवे पर्याय सुचतात. कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही हा लाभ झाला, आणि परत बसल्यावरही काही वेळ तो टिकला. मात्र एकच अचूक उत्तर शोधण्याच्या चाचणीत चालण्याचा असा फायदा दिसला नाही. म्हणून पर्याय हवे असतील तेव्हा चालावे, आणि मोजमापे, मांडणी किंवा मजकूर तपासायचा असेल तेव्हा टेबलाशी बसावे.

पायरी ७: आधी एकट्याने, मग गटात

नव्या डिझायनरला गटचर्चेत स्वतःचे म्हणणे मांडायला संकोच वाटतो, आणि त्याला वाटते की दोष आपलाच आहे. खरे तर पद्धतीतच अडचण असते. १९५८ साली येल विद्यापीठातल्या एका अभ्यासात चारजण एकत्र बसून काढलेल्या कल्पनांची तुलना चारजणांनी स्वतंत्रपणे काढलेल्या कल्पनांच्या बेरजेशी केली गेली, तेव्हा स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांच्या कल्पना अधिक भरल्या. १९८७ मध्ये मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी त्याचे मुख्य कारण दाखवले: एका वेळी एकच जण बोलू शकतो, आणि आपली पाळी येईपर्यंत सुचलेले विरते किंवा गौण वाटू लागते.

यावरचा सोपा उपाय म्हणजे लेखी पद्धत. बर्न्ड रोरबाख यांनी १९६८ साली मांडलेल्या ६-३-५ पद्धतीत सहा जण बसतात, प्रत्येक जण पाच मिनिटांत तीन कल्पना लिहितो किंवा रेखाटतो आणि कागद शेजाऱ्याकडे देतो. शेजारी त्या कल्पना वाचून पुढे नेतो किंवा नव्या लिहितो. सहा फेऱ्यांत, म्हणजे अर्ध्या तासात, १०८ नोंदी होतात. त्यांत पुनरावृत्ती भरपूर असते, पण शांत स्वभावाच्या माणसाच्या नोंदीलाही मोठ्याने बोलणाऱ्याइतकीच जागा मिळते. तुमचा गट तिघांचा असेल तरी हीच पद्धत तीन फेऱ्यांत वापरता येते. बैठक ठरवण्याचा अधिकार तुमच्याकडे नसेल, तर बैठकीपूर्वी दहा मिनिटे एकट्याने रेखाटन करून तो कागद सोबत न्यावा.

पायरी ८: कच्चे रूप लवकर बनवा

मनातली कल्पना नेहमी असते त्यापेक्षा चांगली भासते. म्हणून निवडलेल्या दोन-तीन कल्पनांचे कागदी किंवा पुठ्ठ्याचे रूप त्याच दिवशी करावे. स्क्रीन असेल तर कागदावरच्या चौकटी पुरतात. जेम्स डायसन यांनी पिशवी नसलेला व्हॅक्यूम क्लीनर सिद्ध होईपर्यंत ५,१२७ प्रतिकृती केल्याचे सांगितले आहे. एवढा वेळ रोजच्या व्यवसायात कोणालाच मिळत नाही, पण एका प्रतिकृतीत एकच बदल करून परिणाम पाहण्याची त्यांची शिस्त लहान कामातही वापरता येते. पाच गोष्टी एकदम बदलल्या, तर सुधारणा कशामुळे झाली हे कळत नाही.

पायरी ९: निकष ठरवून निवडा, आणि नेमका अभिप्राय मागा

निवड करताना दुसऱ्या पायरीत लिहिलेला प्रश्न समोर ठेवावा आणि त्यावरून तीन निकष आधीच लिहावेत. निकष न लिहिता निवड केली तर बहुधा सर्वांत नीट काढलेले चित्र जिंकते, सर्वांत चांगली कल्पना नव्हे. निवडलेल्या कल्पनांमध्ये एक तरी अशी असावी जी थोडी अवघडल्यासारखी वाटते. ती क्लायंटला दाखवावीच असे नाही, पण तिला अंतर्गत चर्चेपर्यंत तरी जाऊ द्यावे.

वरिष्ठांना ‘कसे वाटते?’ असे विचारले की ‘छान आहे’ किंवा ‘मजा येत नाही’ असे उत्तर येते, आणि दोन्हींचा उपयोग होत नाही. त्याऐवजी ‘पहिल्या नजरेत सर्वांत आधी काय वाचले?’, ‘हे कोणासाठी आहे असे वाटले?’, ‘यातले काय काढले तरी चालेल?’ असे विचारावे. मिळालेला अभिप्राय ऐकताना स्पष्टीकरण देऊ नये, केवळ लिहून घ्यावे. वापरणारी व्यक्ती तुमचे स्पष्टीकरण ऐकायला उपस्थित नसणार, त्यामुळे काम स्वतःच बोलते की नाही हे याच वेळी कळते.

सुरुवात कशी करावी

नऊही पायऱ्या एकदम सुरू केल्या तर दुसऱ्या आठवड्यात सर्वच सुटतील. पहिल्या महिन्यात फक्त वही आणि आठ चौकटी एवढेच धरावे, आणि चौकटी तर चालू कामावरच कराव्यात, म्हणजे वेगळा वेळ काढावा लागत नाही. दुसऱ्या महिन्यात प्रश्न पुन्हा लिहिणे आणि संदर्भ नंतर पाहणे यांची भर घालावी. गटाशी संबंधित पायरी सहकाऱ्यांची ओळख झाल्यावरच सुचवावी.

काही दिवस असे येतील की आठ चौकटी भरूनही सगळे निर्जीव वाटेल. अशा दिवशी कल्पनांचा हट्ट सोडून हाताला काम द्यावे: जुन्या फायली नीट लावाव्यात, एखाद्या आवडत्या अक्षराचे वळण गिरवावे, मागच्या प्रकल्पातल्या नाकारलेल्या रेखाटनांतून पुढे उपयोगी पडतील अशी दोन-तीन वेगळी काढून ठेवावीत. डेडलाइन त्याच दिवसाची असेल, तर आठ चौकटींपैकी निकषांत बसणारी सर्वांत साधी कल्पना घ्यावी, ती स्वच्छपणे पूर्ण करून द्यावी आणि उरलेल्या सात चौकटींचा कागद तारीख घालून वहीत चिकटवून ठेवावा.